हातातून गांडीव सुटतं तेव्हा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ३० आणि अध्याय २, श्लोक २ ते १०.

अर्जुनाची अवस्था सावकाश वाचा. अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, हातातून गांडीव निसटतंय. हा काही भित्रा माणूस नाही, एवढा मोठा धनुर्धर आहे. तरी त्याला उभं राहवत नाही.

आता आमच्या चौसाळ्याकडे या. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. या कामात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाची उचलही जोडीवरच असते. यातला एक जण डिप्रेशनमध्ये गेला तर? पहाटे त्याला उठवत नाही. खाडा पडतो, पैसे कापले जातात, उचल फिटत नाही. जोडीदाराला दिसतो तो फक्त आळस. "सोंग करताय का?" इथून भांडण सुरू होतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कोयत्याच्या जागी लॅपटॉप आणि उचलीच्या जागी होम लोन. भांडण तेच.

डिप्रेशन म्हणजे नुसतं रडणं नव्हे. झोप बिघडते, भूक जाते, कशातच रस उरत नाही, जवळीकही नकोशी होते. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा चिडचिड किंवा दारूच्या रूपात बाहेर येतं. बायको विचारते, "काय झालंय?" त्याला तो जाब वाटतो. तो गप्प होतो, ती आवाज चढवते, तो आणखी आत जातो. आजारी बायको असली तरी चक्र हेच. दोघांनाही वाटतं, समोरच्याचं प्रेम आटलं. आजाराचं नाव मात्र कुणीच घेत नाही.

अशा वेळी आपण भक्त मंडळी पटकन गीतेचाच हवाला देतो: दुर्बलता सोड, ऊठ! भगवंत तसं म्हणाले, हे खरं आहे (२.३). पण पुढे वाचा. तेवढ्याने अर्जुन उठला का? नाही. आपली व्यथा सांगून 'मी लढणार नाही' म्हणाला आणि गप्प बसला (२.९). प्रत्यक्ष भगवंतांच्या एका वाक्याने जे झालं नाही, ते आपल्या टोमण्याने कसं होईल?

आणि श्रीकृष्णांनी काय केलं? रथ सोडला नाही. अर्जुन पुन्हा पुन्हा शंका विचारत राहिला, ते अठराव्या अध्यायापर्यंत सांगत राहिले. शेवटी म्हणाले, नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर (१८.६३). जोडीदाराचं सारथ्य असं असतं.

अर्जुनाचा विषाद म्हणजे डॉक्टरी भाषेतलं डिप्रेशन, असं मी म्हणत नाही. पण वरची लक्षणं दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जा. नाम जरूर घ्या, गोळीच्या ऐवजी नको. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात; मनाने बंद करू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ ही २०२२ पासून सुरू आहे. मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. जोडीदार मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत घ्या. आणि एक लक्षात ठेवा: समजून घेणं म्हणजे मारहाण सोसणं नव्हे. सांभाळणाराही थकतो, त्यानेही कुणाशी तरी बोलावं.

आजची कृती: आज रात्री "तू असा का वागतोस?" किंवा "तू अशी का वागतेस?" याऐवजी "तुला किती दिवसांपासून असं होतंय?" एवढंच विचारा. मग उत्तर येईपर्यंत थांबा.

हे माधवा, आम्हाला उपदेश करण्याआधी ऐकायला शिकव.

राम कृष्ण हरी!