दिवा मालवला, पण वीज गेली कोठे?

आपल्या मराठीत ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आहे. बहरीनच्या लोकांची अशीच एक म्हण आहे. ते म्हणतात, अधारी दूरच्याला पाणी पाजते आणि जवळच्याला विसरते. अधारी हा एक मोठा झरा होता. मनामा शहराला लागून झिंज नावाची जी वस्ती आहे, तिच्याजवळच तो वाहत असे. त्याचे पाणी पाटांनी लांबच्या खजुरीच्या बागांना जाई आणि जवळची जमीन कोरडी राही. पुढे विहिरींचा उपसा वाढत गेला आणि झरा आटला. म्हण मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

आमचे वास्तव्य या झिंजमध्ये आहे. येथील मराठी घरांतून विजेची बचत कशी करतात हे पाहताना आम्हांस ही म्हण पुन्हा पुन्हा आठवते. लोक बचत करतात, पण जेथे वीज फारशी जात नाही तेथे करतात आणि जेथे ती पाटाने वाहते तेथे लक्ष देत नाहीत. म्हणून या वेळचा धडा घरातील विजेचा घेतला आहे. उदाहरणे झिंजची असली तरी दिमोना, बेर शेवा किंवा अश्दोद येथील वाचकांनाही ती लागू पडतील.

बिल वाढले कसे?

१९३२ साली बहरीनमध्ये जबल दुखान, म्हणजे ‘धुराचा डोंगर’, या टेकडीजवळ तेल लागले. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर सापडलेले हे पहिले तेल. पुढे नैसर्गिक वायूवर वीज तयार होऊ लागली आणि ती लोकांना फार स्वस्तात मिळू लागली. २०१६ च्या आरंभापर्यंत घरगुती विजेचा पहिल्या ३,००० युनिटांचा दर युनिटला ३ फिल्स इतका अल्प होता. एक दिनार म्हणजे १,००० फिल्स, हे लक्षात घेतले की तो किती कमी होता ते कळते. मार्च २०१६ पासून हा दर परदेशी रहिवाशांसाठी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला आणि २०१९ मध्ये तो २९ फिल्स झाला. तीन वर्षांत जवळजवळ दसपट.

स्वस्ताईच्या काळात लागलेल्या सवयी मात्र दराबरोबर बदलल्या नाहीत. येथे पुष्कळ सदनिकांचे भाडे ‘विजेसह’ ठरते, पण त्यात महिन्याची एक मर्यादा घातलेली असते. त्या मर्यादेपलीकडचे बिल भाडेकरूच्या माथी येते. ज्या कुटुंबाला पगारातून गावी पैसे पाठवायचे असतात, मुलांच्या शाळेची फी भरायची असते, त्याला जुलै-ऑगस्टचे बिल म्हणजे एक धास्तीच असते.

एका घराचा हिशेब

आमच्या ओळखीच्या एका मराठी घरी उन्हाळ्यात असेच बिल आले. घरात नवरा-बायको, दोन मुले आणि पेणहून आलेल्या सासूबाई. सासूबाईंचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेलेले. जेवणे झाली की वात खाली करायची, ही त्यांची शिस्त. त्या दिवसभर घरात फिरून दिवे मालवीत. मुलांनाही दिव्यांवरून बोलणी बसत. इकडे मुलांच्या खोलीतील एसी १८ अंशांवर, दार उघडे, आणि मुले बाहेरच्या खोलीत खेळत असत.

बिल पाहून सासूबाईंनी कोणास न सांगता आपल्या खोलीतील एसी दुपारचा बंद ठेवण्यास सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना घेरी आली. सून घाबरून म्हणाली, “आई, तुम्ही एसी का हो बंद केलात?” त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या एकटीसाठी कशाला एवढी वीज जाळायची?” दैवकृपेने पाणी पिऊन व थंड खोलीत पडून त्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही बिल, कागद आणि पेन्सिल घेऊन त्या सर्वांबरोबर बसलो. तोच हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले तर लागणारी वीज. नवा एलईडी दिवा साधारण ९ वॅटचा. असे १० दिवे रोज ४ तास चालले तर दिवसाला ०.३६ युनिट लागते. २९ फिल्स दराने महिन्याचा खर्च सुमारे ३१३ फिल्स, म्हणजे एक तृतीयांश दिनारही नाही.

आता दीड टनाचा एसी घ्या. ऑगस्टच्या उकाड्यात तो न थांबता चालत राहिला तर तासाला साधारण दीड युनिट घेतो. रिकाम्या खोलीत तो रोज ४ तास चालला तर दिवसाला ६ युनिट आणि महिन्याला १८० युनिट होतात. खर्च ५ दिनार २२० फिल्स.

म्हणजे घरातील दहाही दिवे महिनाभर मुळीच लावले नाहीत तरी जे वाचेल, त्याच्या सोळा पटींहून अधिक वीज एका रिकाम्या खोलीतील एसी बंद केल्याने वाचते. दिवे मालवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण दिवे मालवून बचत झाली असे समजणे चूक आहे. वाचकांनी आपापल्या बिलावरील दर घालून हेच गणित करून पाहावे.

पहिला धडा : गार हवा

इस्रायलात आपण ज्याला मजगान म्हणतो तो एसी दोन कामे करतो. तो हवा थंड करतो आणि हवेतील ओल काढून टाकतो. बाहेरच्या नळीतून ठिबकणारे पाणी ते हेच. बहरीनला चारी बाजूंनी समुद्र असल्याने उन्हाळ्यात हवा उष्णही असते आणि दमटही. दार उघडे राहिले की ही दमट हवा आत शिरते आणि तिच्यातील वाफेचे पाणी करण्यात एसीची शक्ती खर्च होते. म्हणून पहिला नियम : एसी चालू तर दार बंद. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी. ती नसेल तर जुन्या लुगड्याची गुंडाळीही चालते.

दुसरा नियम अंशांचा. पुष्कळांची समजूत अशी की १८ वर लावल्यास खोली लवकर गार होते. तसे नाही. साधा एसी १८ वर लावला काय अन् २५ वर लावला काय, सारख्याच वेगाने गार करतो. फरक एवढाच की २५ वर तो वेळीच विसावा घेतो आणि १८ वर तो धावतच राहतो. भारतातील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाप्रमाणे एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. याच विचाराने भारतात १ जानेवारी २०२० पासून खोलीचे नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर यावेत असा नियम झाला. १८ ऐवजी २५ ठेवून सोबत छताचा पंखा मंद लावावा. पंखा एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो आणि अंगावर वारा आल्याने खोली दोन-तीन अंशांनी अधिक गार वाटते. माणूस खोलीबाहेर गेले की पंखाही बंद करावा, कारण पंखा अंगाला गारवा देतो, खोलीला नव्हे.

तिसरा नियम जाळीचा. येथे धूळ फार. एसीची जाळी धुळीने भरली की हवा कोंडते आणि तेवढाच गारवा मिळण्यास यंत्राला अधिक वेळ चालावे लागते. उन्हाळ्यात दर पंधरवड्यास जाळी नळाखाली धुऊन, वाळवून बसवावी. हे काम दहा-बारा वर्षांचे मूलही करू शकते.

चौथा नियम उन्हाचा. मुहर्रकमध्ये शेख ईसा बिन अली यांचे जुने घर आहे. त्याच्यावरचा मनोरा वरचा वारा धरून खाली खोलीत आणतो. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडील कौलारू घरांना पुढे-मागे पडवी असे, ती ऊन भिंतीपर्यंत येऊच देत नसे. वीज नसताना माणसे घर कसे बांधीत याची ही दोन उदाहरणे. आजच्या सदनिकेला मनोरा लावता येत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीचे ऊन अडवता येते. शक्य असेल तर बाहेरून चटई किंवा झडप लावावी, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने पुरते अडत नाही. बाहेर सोय नसेल तर फिक्या रंगाचा जाड पडदा दुपारी बारापूर्वीच ओढून घ्यावा.

दुसरा धडा : पाणी

झरे आटल्यावर बहरीनला समुद्राकडे वळावे लागले. १९७० च्या दशकापासून समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे कारखाने येथे उभे राहिले. आधुनिक पद्धतीने एक हजार लिटर पाणी गोडे करण्यास साधारण तीन-चार युनिट वीज लागते. जुन्या, पाणी उकळण्याच्या पद्धतीत त्याहून अधिक शक्ती खर्चते. तेव्हा येथे नळ गळतो म्हणजे वीजही गळते. इस्रायलातही आज नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचाच आहे, हे तेथील वाचकांनी ध्यानी घ्यावे.

गीझरच्या बाबतीत झिंजच्या गृहिणींची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यात छपरावरच्या टाकीतील पाणी इतके तापते की ‘थंड’ नळाला हात लावता येत नाही. म्हणून त्या गीझर मे-जूनमध्येच बंद करून टाकतात. गीझर घराच्या आत, सावलीत असल्याने त्यात साठलेले पाणी टाकीपेक्षा निवते. मग ‘गरम’ नळातून गार पाणी येते आणि ‘थंड’ नळातून गरम! दोन्ही मिसळून स्नान होते आणि विजेचा खर्च शून्य.

हिवाळ्यात मात्र गीझर लागतो. ५० लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास सुमारे पावणेदोन युनिट वीज लागते. दिवसभर बटन चालू ठेवल्यास निवलेले पाणी पुन्हा पुन्हा तापत राहते. म्हणून स्नानाआधी तासभर लावावा व मग बंद करावा. इस्रायलात १९८० पासून नव्या घरांवर सौर बंब बसविण्याचा कायदा असल्याने आपल्या छपरावर दूद शेमेश आहेच. पण थंडीत विजेचे बटन लावून ते विसरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांनाही हाच नियम.

तिसरा धडा : स्वयंपाकघर आणि शब्बाथ

फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे हवा खेळली पाहिजे. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे. ऊन-ऊन पदार्थ आत ठेवू नये. वाल, चणे रात्री भिजत घालावेत. भिजलेले बिरडे लवकर शिजते आणि शेगडी जितका कमी वेळ पेटेल तितके स्वयंपाकघर कमी तापते. दुपारचा स्वयंपाक सकाळीच उरकावा.

आता शब्बाथ. त्या दिवशी बटनाला हात लावायचा नाही म्हणून शुक्रवारी लावलेले दिवे आणि एसी शनिवारच्या रात्रीपर्यंत चालू राहतात. यास साधा उपाय म्हणजे शब्बाथचे घड्याळ. शुक्रवारी दुपारी ते लावून ठेवावे : बैठकीतील दिवे व एसी सर्व निजल्यावर बंद, सकाळी पुन्हा चालू. एसीला घड्याळ लावताना ते तेवढा भार सोसणारे आहे ना, हे विजेच्या जाणकाराकडून पाहून घ्यावे. आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्या लोकांना तेलाच्या थेंबाची किंमत ठाऊक होती. शब्बाथ पाळणे आणि उधळपट्टी न करणे, दोन्ही त्यांनी एकत्र साधले होते.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा

बचत म्हणजे सोसणे नव्हे. ऑगस्ट २००४ मध्ये बहरीनमध्ये देशभर वीज गेली होती. अशा उन्हाळ्यात गार हवा ही चैन नसते हे त्या दिवशी सर्वांस कळले. खोलीतील हवा अंगाइतकी तापली की पंखा गरम हवाच अंगावर सोडतो. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि उष्णता बाधते आहे हे उशिरा कळते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या खोलीतील एसी हा बचतीच्या यादीत धरायचाच नाही. आधी रिकाम्या खोल्या पाहाव्यात. त्या कुटुंबाने तेच केले. दुपारी सर्वांनी एकाच खोलीत बसायचे ठरले, सासूबाईंच्या. मुलांचा अभ्यास तेथेच होऊ लागला आणि सासूबाईंना सोबत झाली.

घरचा अभ्यास

१. बिलावरील युनिट आणि दर शोधा. एका युनिटची किंमत मुलांना सांगा.

२. रात्री निजण्यापूर्वी व सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहा. एक रात्र १८ अंशांवर, दुसरी २५ अंशांवर. फरक काढा.

३. घरातील प्रत्येक उपकरणावरील वॅट वाचून मोठ्यापासून लहानापर्यंत यादी करा. बचतीला यादीच्या वरच्या टोकापासून आरंभ करा.

४. शेजारी एखादे वृद्ध गृहस्थ किंवा बाई एकट्या राहत असतील तर उन्हाळ्यात दुपारी एकदा त्यांचे दार ठोठवा आणि खोली गार आहे ना ते पाहा.

चौथा प्रश्न सर्वांनी सोडवलाच पाहिजे. शालोम.