ध्वनिकी : नाद, वाद्य आणि वास्तू

गावात नवे समाजमंदिर उभे राहते. भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली चकचकीत फरशी. पहिली ग्रामसभा भरते, आणि समोर वाचला जाणारा ठराव मागे बसलेल्या स्त्रियांपर्यंत केवळ घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने पोचतो. मग ध्वनिवर्धक आणला जातो. आवाज मोठा होतो. शब्द मात्र पूर्वीइतकेच अस्पष्ट राहतात. हा दोष वक्त्याचा नसतो, बहुधा यंत्राचाही नसतो. तो वास्तूचा असतो.

या दोषाचा विचार करणाऱ्या शास्त्रास मराठीत ‘ध्वनिकी’ म्हणतात. ‘अकौस्टिक्स’ या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा संबंध ऐकण्याशी आहे. जोझेफ सोव्हर या फ्रेंच गणितज्ञाने १७०१ च्या सुमारास हे नाव सुचविले. आज हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. ध्वनी कसा निर्माण होतो आणि कसा पसरतो हे सांगणारी पदार्थविज्ञानाची शाखा, हा पहिला अर्थ. वाद्याचा नाद गोड का लागतो याचे विवेचन, हा दुसरा. एखाद्या वास्तूत ऐकू येण्याची जी प्रत असते ती तिसरा. ‘या नाट्यगृहाचे अकौस्टिक्स चांगले आहे’ असे रसिक म्हणतात तेव्हा त्यांना हाच अर्थ अभिप्रेत असतो.

हे तिन्ही अर्थ चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या कार्यात एकत्र आलेले दिसतात. तबला व मृदंग यांच्या पुडीवर शाई कशासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १९२० मध्ये दिले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर परस्परांशी सुसंवादी नसतात. मध्यभागी शाईचा भार दिला की ते तंतुवाद्याच्या उपस्वरांप्रमाणे मूळ स्वराशी मेळ साधतात. याच सुमारास त्यांनी कर्नाटकातील विजापूरच्या गोल घुमटाचाही अभ्यास केला. सुमारे ३८ मीटर व्यासाच्या त्या घुमटाच्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या टोकास ऐकू येते, कारण ध्वनी वक्र भिंतीला धरून सरकत जातो. प्रवाशांना याचे नवल वाटते ते योग्यच. पण तेथे व्याख्यान ठेवण्याचे धाडस कोणी करू नये.

निनादाचे गणित

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरांहून दूर असेल तर परतलेला आवाज वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. त्याहून लहान दालनात परावर्तित लहरी मूळ आवाजात मिसळतात आणि तो थांबल्यावरही मागे रेंगाळतात, तो निनाद. स्वर बलवान असतात, व्यंजने दुबळी. आधीच्या स्वराचा निनाद पुढच्या व्यंजनावर पसरला की ‘पाठ’ आणि ‘पाट’, ‘धार’ आणि ‘दार’ यांतील भेद मागच्या बाकावरील मुलास कळेनासा होतो. शुद्धलेखनातील ती चूक मग त्याच्या नावावर मांडली जाते.

निनाद मोजण्याची रीत वॉलेस सॅबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकाने शोधली. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाचे व्याख्यानगृह १८९५ मध्ये सुरू झाले. पण तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरण्यास लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळी गाद्या परत करायच्या, असा त्यांचा क्रम होता. त्यातून १८९८ मध्ये सूत्र हाती आले : दालनाचे घनमीटरमधील आकारमान गुणिले ०.१६, भागिले शोषण. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक एकक. या सूत्राच्या आधारे आखलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० मध्ये उघडले आणि ते आजही जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

हेच सूत्र समाजमंदिरास लावून पाहावे. लांबी १५, रुंदी १० आणि उंची ५ मीटर धरल्यास आकारमान ७५० घनमीटर होते. भिंती, छत व फरशी मिळून ५५० चौरस मीटर. गिलावा व काँक्रीट यांचे शोषण शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे एकूण १६.५ एकक. दारे-खिडक्या बंद असता निनाद ७ सेकंदांहून अधिक राहील. २० चौरस मीटरची दारे-खिडक्या उघडली तर तो सव्वातीन सेकंदांवर येतो. शंभर माणसे बसली, आणि प्रत्येकी ०.४ एकक धरले, तर सुमारे १.६ सेकंद होतात. भाषणासाठी एक सेकंदाच्या आसपासचा निनाद योग्य मानतात. वर्गखोलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये ०.६ सेकंद सुचविला आहे. सभेस उपस्थिती कमी असली की ऐकू येणे अधिक कठीण होते, त्याचे कारण या हिशेबात आहे. ध्वनिवर्धक का हरतो, तेही येथेच कळते : तो शब्दाबरोबर निनादही वाढवितो.

बांधण्यापूर्वीचा विचार

भरताच्या नाट्यशास्त्राने ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम नाट्यमंडप श्रेष्ठ ठरविला, तो याच जाणिवेतून. फार मोठ्या मंडपात पाठ्य नीट ऐकू येत नाही आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, असे तेथे कारण दिले आहे. मुंबईतील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये खुले झाले, तेव्हा सुमारे एक हजार आसनांच्या त्या गृहाच्या आखणीत वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन यांच्याबरोबर ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आरंभापासून होते.

प्रत्येक ग्रामपंचायतीस तज्ज्ञ मिळणार नाही. तथापि सभागृहांच्या ध्वनिविषयक आखणीसाठी ‘आय. एस. २५२६’ हे भारतीय मानक १९६३ पासून उपलब्ध आहे. अंदाजपत्रक तयार करतानाच अभियंत्याकडे त्याची विचारणा करता येते. छताखाली किंवा वक्त्यासमोरच्या मागील भिंतीवर छिद्रयुक्त फलक आणि त्यामागे काचलोकर, भिंतीपासून थोडे अंतर राखून सोडलेले जाड चुणीदार पडदे, जमिनीवर जाजम, हे उपाय उपयोगी पडतात. थर्मोकोलचे तक्ते मात्र लावू नयेत. ते आवाज फारसा शोषत नाहीत आणि लवकर पेट घेतात.

जुन्या दालनाची परीक्षा सोपी आहे. ते रिकामे असताना मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी आणि ती विरेपर्यंत सेकंद मोजावेत. दोन सेकंदांनंतरही ती ऐकू येत असेल, तर नव्या ध्वनिवर्धकाची मागणी तूर्त बाजूला ठेवून प्रथम छत आणि मागची भिंत यांच्यासाठी तरतूद करावी.