विहिरीवरील पंपाची तार

तार जितकी लांब व बारीक, तितका तिचा विद्युत्प्रवाहास रोध अधिक. मीटरपासून विहीर १०० मीटरवर असल्यास सिंगल फेज पंपास जाऊन-येऊन २०० मीटर तार लागते. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या अशा तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १.४ ओहम भरतो. तीतून १० अँपियर प्रवाह वाहिल्यास १४ व्होल्ट दाब घटतो व १४० वॅट शक्ती उष्णतारूपाने वाया जाते. हजार तासांत १४० युनिटे! प्रवाह दुप्पट झाल्यास हा नाश चौपट होतो. शिवाय दाब फार घटला असता मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते व प्रसंगी जळते. ४ चौरस मिलिमीटरची तार घातल्यास नाश ८६ वॅटांवर येतो. सबब तार घेण्यापूर्वी विहिरीचे अंतर मोजावे व मगच छेद ठरवावा.