बी न धरणारी अबोली

अबोली आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. कोणाच्या परसात, कोणाच्या तुळशीपाशी ती असतेच. तिला वास नाही. पण रंग असा की, त्या रंगालाच आपण 'अबोली रंग' म्हणतो. या लेखात मी तिची माहिती देणार आहे आणि शेवटी सर्वांना एक काम सांगणार आहे.

अबोली हे झुडूप अडुळसा आणि कोरांटी यांच्या कुळातले होय. दक्षिण भारत व श्रीलंका ही तिची मूळ भूमी. शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. नाव उच्चारायला अवघड, पण त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ सोपा आहे : नरसाळ्याच्या आकाराचे. फूल हातात घेऊन पाहा. खाली बारीक नळी आणि वर पंख्यासारखी एका बाजूला पसरलेली पाकळी दिसेल. झाड कमरेच्या वर सहसा जात नाही. त्यामुळे लहान अंगणात, कुंडीतसुद्धा ते मावते. फुले हिरव्या कणसावर खालून वर उमलत जातात. म्हणून एका कणसावर पुष्कळ दिवस फुले मिळतात. ती दिवसाआड तोडतात.

अबोलीचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिली बियांची अबोली. तिच्या वाळलेल्या बोंडात चार बिया असतात. एक वाळलेले कणीस वाटीभर पाण्यात टाका आणि थोडे थांबा. टप्प टप्प आवाज करीत बोंडे फुटतात नि बिया लांब उडतात! (डोळे जरा दूर ठेवा.) यात झाडाचे शहाणपण आहे. बोंड पाण्यानेच फुटते, म्हणजे बी पडते तेव्हा जमीन ओली असते.

दुसरी दिल्ली अबोली. हिची फुले गडद नारिंगी. तामिळनाडू, कर्नाटक, आंध्र या भागांत वेण्यांसाठी हिची शेती करतात. पण ही अबोली बी धरत नाही. का? साध्या झाडाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बी तयार होण्यापूर्वी त्यांच्या जोड्या लागाव्या लागतात. दिल्ली अबोलीत तीन संच आहेत. वर्गातल्या तिघातिघांच्या गटांना 'जोड्या लावा' म्हटले, तर प्रत्येक गटात एक जण उरणारच. तसाच घोटाळा इथे होतो. म्हणून तिची नवी झाडे फक्त छाट कलमाने, म्हणजे फांदी लावून करतात. माणसाने फांदी लावली नाही, तर हिचा वंश तिथेच संपला!

आमच्या परसात दिल्ली अबोलीची बारा झाडे होती. आई केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने वेण्या करते आणि बाजारच्या दिवशी विकते. त्या पैशांतून आमच्या वह्या येतात. गेल्या वर्षी झाडे पिवळी पडू लागली. खत दिले, पाणी दिले, काही उपयोग नाही. आजी म्हणाली, "अगं, वरून काय बघतेस? मूळ बघ." एक झाड उपटले, तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी! या गाठी सूत्रकृमींमुळे होतात. ते मातीत राहतात आणि इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते मुळात शिरले की झाडाला अन्नपाणी नीट पोचत नाही.

सूत्रकृमी मुळांत आणि मातीत असतात, म्हणून मुळांसकट फुटवा काढून दुसरीकडे लावला, तर रोगही बरोबर जातो. आम्ही वरच्या निरोगी फांद्या तेवढ्या घेतल्या. वीतभर तुकडे केले, खालची पाने काढली आणि पावसाळ्यात दुसऱ्या जागी, नव्या मातीत, सावलीला लावले. बारापैकी नऊ जगले. पाणी साचू नये म्हणून वाफा उंच केला. जुन्या जागी झेंडू लावला. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक असतात. आता नव्या झाडांना कणसे आली आहेत. आईच्या वेण्या पुन्हा सुरू झाल्या, पण नऊच झाडांच्या.

आता काम. ज्यांच्या घरी दिल्ली अबोली आहे, त्यांनी या पावसाळ्यात दोन घरांना फांद्या द्याव्यात. एका परसात रोग आला, तरी दुसऱ्या परसात झाड राहील आणि तिथून फांदी परत आणता येईल. ज्यांच्याकडे बियांची अबोली आहे, त्यांनी ताजे बी कागदाच्या पुडीत शाळेत आणावे. पालकांनो, फळ्याजवळच्या डब्यात आमच्या झाडांच्या फांद्या ओल्या फडक्यात ठेवल्या आहेत. जाताना एक जरूर न्या. लावताना डोळे वरच्या बाजूला करायला विसरू नका.

— इयत्ता सातवी