एका जुन्या मोटारसायकलची पाठचिकित्सा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात इंजिनाविषयी लिहावे, याचे आमच्या काही प्राध्यापकांना व मित्रांना नवल वाटेल. तो विषय आयटीआयच्या मुलांचा, असे म्हणून पान उलटणारेही असतील. परंतु गेले दीड वर्ष घरच्या पडवीत एक जुनी बुलेट उघडून बसलो असताना मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो मराठीच्या तासाला शिकलेल्या पाठचिकित्सेचा. हे विधान गमतीचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

गाडी रॉयल एनफील्ड बुलेट, 350 सीसी, 1954 चे मॉडेल. इंग्लंडमधील रेडिच येथील कारखान्यात तयार झालेली. पुढील वर्षी, म्हणजे 1955 मध्ये, या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी करून मद्रासला बुलेटची जोडणी सुरू केली, आणि काही वर्षांतच सगळे भाग इकडेच बनू लागले. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला. मद्रासची बुलेट मात्र चालतच राहिली. त्यामुळे ‘बुलेटचे सामान कुठेही मिळते’ असा एक समज आपल्याकडे आहे. तो अर्धाच खरा आहे, हे पुढे दिसेल.

आमच्या आजोबांनी ही गाडी 1971 मध्ये नागपूरहून जुनी म्हणूनच घेतली. वर्धा, सेलू, हिंगणघाट अशी ती वीस वर्षे फिरली आणि मग गोठ्याशेजारी उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला किलोच्या भावाने मागू लागला, तेव्हा घरात पहिल्यांदा तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले.

पहिला प्रश्न पान्यांचा आला. हल्लीच्या पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतराचा, मिलीमीटरमध्ये. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ नटाचे डोके प्रत्यक्षात 0.525 इंच, म्हणजे सुमारे 13.3 मिलीमीटर भरते. त्यावर 13 चा पाना बसत नाही आणि 14 चा घसरतो. आमच्या गाडीच्या निम्म्या नटांची टोके गोल झाली होती ती याच 14 च्या पान्यामुळे.

आट्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने 1841 मध्ये आट्यांचे एक प्रमाण सुचवले; त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा असतो. मेट्रिक आट्याचा कोन 60 अंश. बुलेटसारख्या गाड्यांत त्याच घराण्यातील बारीक आटे, ज्याला बीएसएफ म्हणतात, जागोजागी आढळतात. 5/16 इंची बीएसएफ बोल्टची जाडी 7.94 मिलीमीटर, म्हणजे मेट्रिक 8 च्या बोल्टला अगदी जवळची. हातात घेतले तर फरक कळत नाही. पण बीएसएफला एका इंचात 22 आटे, तर 8 च्या बोल्टला जेमतेम 20. असा बोल्ट दोन-तीन फेरे गोडीने आत जातो, मग अडतो, आणि घाईतला मिस्त्री पान्याला पाइप लावून तो पुढे रेटतो. बोल्ट पोलादी, इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे. आटे कोणाचे जाणार हे सांगायला नको. आमच्या इंजिनात अशी पाच भोके निघाली.

आपल्या देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 चा. ही गाडी त्याच्या दोन वर्षे आधीची. तेव्हा इंची पाने आज वर्ध्यात कोणाकडे असणार? शहरातल्या गॅरेजमध्ये तर नाहीतच. शेवटी ते सापडले हिंगणघाटला, एका जिनिंगमधून निवृत्त झालेल्या फिटरकाकांच्या पेटीत. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात रेचे आणि प्रेस आले ते ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रजी कारखान्यांतून, आणि त्यांचे नटबोल्टही त्याच मापाचे. काकांनी माझी मिलीमीटरची पाने एकदा पाहिली आणि म्हणाले, “हे इंचाचं काम आहे बाप्पा. हा पाना लावशीन त डोकं घासून जाईन.” कापसाच्या यंत्राचे ज्ञान मोटारसायकलला लागू पडावे, ही या जिल्ह्यातच घडू शकेल अशी गोष्ट आहे. खराब झालेली पाचही भोके त्यांच्याच देखरेखीखाली मोठी करून, त्यांत पितळी पुंगळ्या बसवून, आत पुन्हा 5/16 चे बीएसएफ आटे पाडले.

आता पाठचिकित्सेकडे वळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये हाती घेतले आणि 1966 मध्ये पुरे केले, हे आपण अभ्यासलेले आहे. अनेक पोथ्या समोर ठेवायच्या, पाठभेद नोंदवायचे, प्रक्षिप्त भाग ओळखायचा, पण फेकून न देता तळटीपेत वा परिशिष्टात ठेवायचा, अशी ती रीत. तीत एक तत्त्व असे की, दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक; कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही.

हेच तत्त्व मी नटबोल्टना लावले. बाजारात न मिळणारा, विचित्र मापाचा बोल्ट दिसला की तो रेडिचचा. कारण मागच्या कोणत्याही मिस्त्रीने मुद्दाम तसा शोधून बसवला नसता. चटकन मिळणारा दिसला की तो मागाहूनचा. या एका कसोटीने जवळपास सगळ्या गाडीचा उलगडा झाला. पिस्टनच्या माथ्यावर ‘40’ हा आकडा ठोकलेला आढळला. तो इंचाच्या हजारांशात वाचायचा, म्हणजे सिलिंडर मूळच्या 70 मिलीमीटरपेक्षा सुमारे एक मिलीमीटर मोठा केलेला. आकडे वीस-वीसने वाढत जातात, म्हणून गाडीचे बोअर बहुधा दोनदा झाले असावे. टाकीच्या रंगाचा एक कोपरा पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासला तेव्हा लाल, मग हिरवा, मग काळा असे थर निघाले.

मग प्रक्षिप्ताचे काय करायचे? येथे माझे आणि मित्रांचे मतभेद झाले. त्यांचे म्हणणे, सगळे काढ, नवे बसव, गाडी चालल्याशी मतलब. दुसरे टोक संग्राहकांचे : रेडिचचे नसेल ते सर्व त्याज्य. मला दोन्ही पटले नाही. पुढचा मडगार्ड दुसऱ्याच गाडीचा होता, तो काढला. पण किकच्या दांड्याला कोणीतरी लेथवर गनमेटलचा बुश करून बसवला होता, आणि तो इतका नेमका होता की फीलर गेजचे सर्वांत बारीक पातेही बाजूने शिरेना. तो प्रक्षिप्त आहे, निःसंशय. पण एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तेही मूळ हस्ताक्षरावर काम करीत नव्हते. हाती आलेल्या प्रतींचा आदर राखून करीत होते. तो बुश मी ठेवला. काढलेले भाग चिठ्ठ्या बांधून बिस्किटांच्या डब्यात आहेत. तेच माझे परिशिष्ट.

हा वाद केवळ हौसेचा नाही. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी आली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, आणि रोजच्या वापराला मनाई. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी व तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. आता 70 वर्षे चाललेली गाडी फेरफारावाचून कशी राहील? जी कधी बिघडलीच नाही ती बहुधा कधी चाललीही नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ पोथीच्या बाबतीत जितका अवघड, तितकाच येथेही आहे. म्हणून मी प्रत्येक बदलाची नोंद वहीत करतो : काय निघाले, काय बसवले, कोणत्या मापाचे. तपासणीला गाडीबरोबर ती वहीही नेणार आहे.

सध्या इंजिन बंद करून झाले आहे. ल्यूकसचे मॅगडायनो, म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो व दिव्यांसाठीचा डायनामो यांची जोडी, तिच्या आर्मेचरचे वाइंडिंग जळलेले आहे आणि ते हाताने पुन्हा भरणारा कारागीर शोधतो आहे. शिवाय 3/16 चा व्हिटवर्थ रिंग पाना फिटरकाकांच्या पेटीतही नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी जिनिंगमधली जुनी हत्यारांची पेटी असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी पान्यांवरचे आकडे एकदा वाचून पाहावेत आणि मला कळवावे.