दोन वाटांची भेट

आजही पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक माणसांच्या हातावर लहानशी गोल खूण दिसते. ही देवी काढल्याची खूण होय. त्यांच्या नातवंडांच्या हातावर मात्र ती नसते. एक भयंकर रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, म्हणून ही खूणही नाहीशी झाली. तो रोग कसा गेला, हे जाणण्यासारखे आहे.

देवीचा रोग हजारो वर्षे माणसाला छळत होता. अंगावर पुरळ उठे, त्याचे फोड होत आणि त्यांत पू भरे. या रोगाच्या उग्र प्रकारात दर दहा रोग्यांपैकी सुमारे तिघे दगावत. जे वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर व्रण राहत. कित्येकांची दृष्टी जाई. लोक याला दैवी कोप मानीत आणि शीतलेला नवस बोलत.

या रोगावरचा पहिला विजय शेतकऱ्यांच्या अनुभवातून मिळाला. इंग्लंडच्या खेड्यांत असा समज होता की, गाईच्या आचळांवरील फोडांचा संसर्ग ज्या गवळणींना होतो, त्यांना देवी येत नाहीत. शिकलेली माणसे अशा बोलण्याकडे सहसा लक्ष देत नसत. एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने ते हसण्यावारी नेले नाही. १७९६ साली त्याने एका गवळणीच्या हातावरील फोडातील लस आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे त्या मुलाला देवीची लागण करून पाहिली, तेव्हा त्याला रोग झाला नाही. लोकानुभव खालून वर आला आणि शास्त्राने तो पारखून घेतला. १८०२ साली ही लस मुंबईस पोहोचली व तेथे तीन वर्षांच्या एका मुलीला प्रथम टोचली गेली.

तरीही पुढे दीडशे वर्षे रोग हटला नाही. १९६२ साली भारत सरकारने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सर्व लोकसंख्येला लस टोचावी, म्हणजे रोगाला थारा उरणार नाही, असा विचार होता. ही योजना वरून खाली आलेली होती. राजधानीतून आकडे ठरत, जिल्ह्यास पोहोचत आणि गावोगाव टोचणीदार जात. १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही जगभर हे काम जोराने सुरू केले. कोरडी लस उन्हाळ्यातही टिके आणि दोन टोके असलेली साधी सुई थोडक्या लसीत काम भागवी. शास्त्राने दिलेली ही साधने उत्तम होती.

परंतु कागदावर आकडे फुगले तरी गावांत साथी येतच राहिल्या. कारण उघड होते. शाळेतील मुले एका जागी सापडत, म्हणून त्यांनाच वारंवार टोचले जाई. तान्ही बालके, भटके लोक आणि कामासाठी गाव सोडून जाणारे मजूर सुटून जात. एकूण बेरीज मोठी दिसे. मात्र रोग नेमका या सुटलेल्या माणसांतच फिरे. वरून पाहणाऱ्याला हे दिसत नव्हते.

याच सुमारास आफ्रिकेत एक वेगळी वाट सापडली. १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात साथ उद्भवली. तेथे काम करणारे डॉक्टर विल्यम फेगी यांच्याजवळ सर्वांना पुरेल इतकी लस नव्हती. मग त्यांनी रेडिओवरून आसपासच्या मिशनऱ्यांना विनंती केली की, माणसे पाठवून कोणकोणत्या गावी रोगी आहेत ते कळवावे. नकाशावर त्या गावांच्या खुणा केल्या आणि आधी तेथेच लस टोचली. ती माणसे ज्या बाजारांना जात, जेथे त्यांची सोयरीक असे, तेथेही टोचणी केली. बहुसंख्य लोकांना लस न टोचताही साथ विझली.

हीच रीत भारतात आली. १९७३ च्या शरदात घरोघर शोध सुरू झाला. एक लाखाहून अधिक आरोग्यसेवक दारोदार फिरू लागले. त्यांच्या हाती देवी आलेल्या मुलाचे चित्र असे. ते आठवडी बाजारात उभे राहत, शाळांत जात आणि ते चित्र दाखवून असा रोगी कोठे पाहिला काय, असे विचारीत. मुले मोकळेपणाने सांगत. दप्तरात न नोंदलेले हजारो रोगी अशा रीतीने उजेडात आले.

रोग्यांची संख्या एकाएकी वाढलेली पाहून वरिष्ठांना धक्का बसला. १९७४ साली भारतात सुमारे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. बिहारमध्ये साथीने कहर केला. तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी बैठकीत सांगितले की, हा शोध थांबवून पूर्वीप्रमाणे सर्वांना लस टोचावी. फेगी यांनी त्या बैठकीची हकिकत लिहून ठेवली आहे. एक तरुण भारतीय डॉक्टर उठला. आपण खेडेगावचे असून तेथे घराला आग लागली, तर लोक पाणी जळत्या घरावर ओततात, साऱ्या गावावर नव्हे, असे तो म्हणाला. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. तेवढ्या अवधीत रोग ओसरू लागला.

या कामात खालच्या माणसांचे ज्ञान अमोल ठरले. पाहुणा कोणत्या गावाहून आला, कोणत्या घरी मूल लपवले आहे, हे गावच्या माणसालाच ठाऊक. रोग्याच्या दारावर पहारेकरी बसवले जात, ते बहुधा त्याच गावचे असत. बातमी देणाऱ्यास बक्षीस मिळे. पुढे ते एक हजार रुपयांपर्यंत गेले. काही ठिकाणी मात्र लोकांवर सक्तीही झाली. जेथे सक्ती झाली, तेथे लोक रोगी लपवू लागले. जेथे विश्वास मिळवला, तेथे ते स्वतःहून सांगत आले.

तथापि केवळ गावकऱ्यांच्या माहितीने हा रोग गेला असता असेही नाही. लस प्रयोगशाळेत तयार झाली, पैसा आणि वाहने सरकारने पुरवली, आणि एका गावाची बातमी दुसऱ्या प्रांतास कळवणारी यंत्रणा वरच उभी होती. रोग सीमा ओलांडून जाई. त्याच्यामागे एकटे गाव धावू शकत नव्हते.

अखेर १९७५ च्या मे महिन्यात आसामातील करीमगंज येथे भारतातील शेवटचा रोगी आढळला. १९७७ च्या ऑक्टोबरात सोमालियात निसर्गतः लागण झालेला जगातील शेवटचा रोगी सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

डोंगरमाथ्यावरून साऱ्या खोऱ्याचा विस्तार दिसतो, पण वाटेतला काटा दिसत नाही. खोऱ्यात चालणाऱ्याला काटा दिसतो, पण वाट कोठे जाते ते दिसत नाही. माथ्यावरचा आणि खोऱ्यातला एकमेकांना हाक देऊ लागले, तेव्हाच मानवजातीची ही जुनी पीडा टळली.

स्वाध्याय

१. जेन्नरने शेतकऱ्यांच्या समजुतीचा उपयोग कसा केला?
२. सर्वांना लस टोचण्याची योजना असूनही साथी का येत राहिल्या?
३. तरुण डॉक्टरने दिलेला आगीचा दाखला येथे कसा लागू पडतो?
४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखादी अडचण सांगा. ती दूर करण्यास वरून कोणती मदत हवी व रहिवाशांनी कोणती माहिती द्यावी, ते दहा ओळींत लिहा.