दिसते तसे नसते

दिल्लीलगत, हरियाणात गुरुग्राम हे उंच इमारतींचे शहर आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये येथे आपले नवे कार्यालय सुरू केले. तीन वर्षांत १ कोटी लघुव्यावसायिक आणि अडीच लाख आशयनिर्माते यांना प्रशिक्षण देण्याचा संकल्पही तेव्हा जाहीर झाला. समाजमाध्यमांवर चित्रफिती प्रसिद्ध करून लोकांच्या आवडीनिवडींवर प्रभाव पाडणे हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे. तो करणाऱ्यास ‘इन्फ्ल्युएन्सर’ किंवा ‘प्रभावक’ म्हणतात.

या व्यवसायात मुळात गैर काही नाही. शेती, पाककला, आरोग्य अशा विषयांची उपयुक्त माहितीही त्यातून मिळते. मात्र अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीमागे प्रकाशयोजना, काटछाट आणि पुष्कळदा जाहिरातदाराचा पैसा असतो. पाहणारा हे विसरतो आणि दुसऱ्याच्या निवडक क्षणांची तुलना स्वतःच्या सबंध आयुष्याशी करू लागतो.

माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला जोखतो, हा विचार मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडला होता. पूर्वी ही तुलना शेजाऱ्यापाजाऱ्यांशी होई. शेजारच्या घरातील नवे दागिने दिसत, तशी तेथील उसनवारीही कानावर येई. पडद्यावर फक्त दागिने दिसतात. गुरुग्रामसारख्या शहरात नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या तरुणाला खरा शेजार लाभला नाही, तर पडद्यावरील जगच त्याचा शेजार होते. मग ‘आपणच मागे राहिलो’ ही भावना बळावते, झोप उडते, मन खचते.

सर्वांवर सारखाच परिणाम होतो असे नाही. परंतु २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत एक गंभीर नोंद होती. आपल्या शरीराविषयी आधीच खंत बाळगणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश मुलींनी ती खंत इन्स्टाग्राममुळे वाढल्याचे सांगितले होते. प्रभावकही या ताणातून सुटत नाहीत. अनुयायांची संख्या हेच ज्याचे भांडवल, त्याला ती घटताच स्वतःची किंमत घटल्यासारखे वाटते.

यावर काही उपाय झाले आहेत. पैसे घेऊन केलेली शिफारस ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट दाखवावी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये व केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. मनावरील भार असह्य झाल्यास ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

तथापि, खरा उपाय पाहणाऱ्याच्या विवेकात आहे. संसार सांभाळून चाळिशीत पुन्हा वही हाती घेणाऱ्या स्त्रीची चित्रफीत कोणी काढत नाही. तिच्या कष्टांचे मोल त्यामुळे कणभरही कमी होत नाही.

विचार करा
१. शेजाऱ्याशी होणारी तुलना आणि पडद्यावरील व्यक्तीशी होणारी तुलना यांत कोणता फरक आहे?
२. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रफितीत काय दाखवले होते? काय दाखवले नसावे?